आधी जन्म नोंदवा

आमच्या ऑफिसच्या सिंकमध्ये कप साठतात, तसे हे किस्से साठतात. धुवायला कुणी घेत नाही आणि शुक्रवारी बघावं तर ढीग. सिडनीत वेस्टमीड स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं युनिट आहे. काम काय, तर पॅसिफिकमधल्या एका दूरच्या बेटांच्या देशाची जन्म-मृत्यू नोंदणी सुधारायची. माणसं तीनच. मॅनेजर ग्रेग, सॉफ्टवेअर लिहिणारा सांगलीचा सचिन, आणि ट्रेनिंग देणारी मी, ग्लोरिया, माहेर वसईचं. पलीकडे मार्टा. तिच्या बेटावरच्या नोंदणी कचेरीत ती एकटीच. दर मंगळवारी ती व्हिडिओ कॉलवर येते आणि दर मंगळवारी आम्ही तिला सुधारतो.

*

सुरुवात पोस्टरपासून झाली. 'बाळ जन्मलं? नोंद करा.' वर हसरी आई आणि बाबागाडीत गुटगुटीत बाळ. फोटो इथेच, सिडनीतल्या एका बागेत काढलेला. मार्टाच्या बेटावर धड रस्ता नाही, नुसती वाळू आणि खडक. पण पोस्टर लागलं आणि कचेरीसमोर रांग लागली. ग्रेग जाम खूश.

मार्टा म्हणाली, "सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. नोंद केल्यावर ती गाडी कधी मिळणार?"

ग्रेगने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'लोकांचा प्रतिसाद उत्तम.'

*

मग मृत्यूच्या नोंदी वाढल्या. वाढणारच. आधी कुणी करतच नव्हतं. तिकडच्या मंत्रालयातले एक मोठे साहेब कॉलवर आले. चेहरा गंभीर.

"तुमचं प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून आमच्याकडे माणसं जास्त मरायला लागली आहेत. हे थांबवता येईल का?"

मला वाटलं, आता ग्रेग समजावून सांगेल. पहिलीतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. ग्रेग म्हणाला, "नो वरीज. आम्ही त्यात लक्ष घालतो."

साहेब आभार मानून गेले.

*

नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हाची गोष्ट. मृत्यूची नोंद करायची तर त्यात आधी त्या माणसाच्या जन्मनोंदणीचा नंबर टाकावा लागतो. डिझाइन ग्रेगचं. एसीत बसून ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मार्टा म्हणाली, "इथला एक म्हातारा कोळी गेला. त्याला नंबरच नाही."

"का नाही?" ग्रेगने विचारलं.

"तो जन्मला तेव्हा ही कचेरी नव्हती."

"मग सोपं आहे. आधी त्याचा जन्म नोंदव, मग मृत्यू. जन्मल्याशिवाय माणूस मरेल कसा?"

मार्टाने समोरचा फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाली, "नंबर नसताना तो जन्मभर मासे मारत होता. मरायला नंबर लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही."

मला राहवलं नाही. मी ग्रेगला सांगितलं, आमच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते, आणि घंटा वाजवणारा आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. ग्रेगला ते 'व्हेरी इंटरेस्टिंग' वाटलं. "फेज टूमध्ये बघू," म्हणाला.

कॉल संपल्यावर सचिन मला किचनमध्ये म्हणाला, "ती नंबरची अट काढणं अर्ध्या दिवसाचं काम आहे गं. पण त्याच्या अप्रूव्हलशिवाय मी एक ओळ बदलू शकत नाही."

*

तेव्हापासून बेटांवर म्हातारी माणसं मरण्याआधी जन्माला येऊ लागली. कागदोपत्री का होईना. त्या तिमाहीत जन्माच्या नोंदींचा आलेख असा काही वर गेला की पैसे देणाऱ्यांकडून अभिनंदनाची ईमेल आली. ग्रेगने केक मागवला. केकवर आयसिंगची छोटी गुलाबी पावलं होती.

"ग्रेग, यातली निम्मी बाळं कबरीत आहेत," मी म्हणाले.

"नोंद ती नोंद, ग्लोरिया," असं म्हणून त्याने मला मोठा तुकडा दिला. मी तो तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला. सचिनने आपला खाल्ला, वरचं पाऊल मात्र बाजूला काढून ठेवलं.

*

मार्टाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला एकदाच आठवतं. तिची आई आजारी होती, अंथरुणाला खिळलेली. भाऊ इथे क्वीन्सलंडला केळ्यांच्या फार्मवर हंगामी कामाला. कॉल संपता संपता ती म्हणाली, "तो नंबरचा रकाना काढून टाका ना. माझी आई फार दिवस काढणार नाही. तिला मी माझ्या हाताने नवजात म्हणून लिहिणार नाही."

"आय हिअर यू, मार्टा," ग्रेग म्हणाला आणि पुढच्या विषयावर गेला.

पुढचा विषय होता नवी सोय. जन्म नोंदवला की घरच्यांच्या फोनवर आपोआप मेसेज जाणार. पैसे देणाऱ्यांना ही कल्पना फार आवडली होती.

मी विचारलं, "आणि म्हाताऱ्यांच्या जन्मांचं काय?"

"एज केस आहे, क्वचितच होणारी," ग्रेग म्हणाला. "फेज टू."

सोय त्याच आठवड्यात सुरू झाली.

*

त्यानंतरच्या मंगळवारी मार्टा काळा ब्लाउज घालून कॉलवर आली. आई आदल्या दिवशी गेली होती. फार्मचा मालक मृत्यूचा दाखला बघितल्याशिवाय भावाला सोडायला तयार नव्हता. तेव्हा मार्टा सकाळीच कचेरीत येऊन बसली. आधी तिने आईचा जन्म नोंदवला, मग मृत्यू, आणि दाखला भावाला पाठवला.

आम्ही तिघंही सॉरी म्हणालो. ग्रेग म्हणाला, "आज कॉलला यायची गरज नव्हती, मार्टा. टेक युअर टाइम."

"एक शंका होती," ती म्हणाली. "हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं." तिने फोन उचलला आणि सावकाश वाचून दाखवलं. "अभिनंदन! तुमच्या घरी नवा जीव आला आहे. सहा आठवड्यांनी बाळाला पहिल्या लसीसाठी आरोग्य केंद्रात घेऊन या."

सचिनने मान खाली घातली. ग्रेगने माईक सुरू केला आणि पुन्हा बंद केला.

"आई तिथेच आहे, ग्रेग," मार्टा म्हणाली. "भाऊ येईपर्यंत केंद्रातल्या बर्फाच्या खोलीत ठेवलंय तिला. सहा आठवडे राहू देऊ का?"