दुसरा कौल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही लाज वाटते. देवी आपल्यावर रागावली आहे आणि तिने रागवावं असंच मी वागले आहे, एवढंच त्या दिवसांत मला कळत होतं.

ह्यांच्या पायात साइटवर बुटातून खिळा घुसला. साखरेचा आजार, त्यामुळे फारसं दुखलं नाही आणि ह्यांनी दाखवलंही नाही. बोट काळं पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काढावं लागेल. हे घाबरले. लंगड्या प्लंबरला कंपनी कशाला ठेवेल? मी गावी दिरांना फोन केला. गुरवाने ग्रामदेवीला पाकळ्या लावून विचारलं, बोट कापायचं का? मी फोनवर ऐकत होते. उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, पुन्हा एकदा विचारा ना." दुसऱ्यांदा डावी पडली. ह्यांना मी फक्त दुसरा कौल सांगितला, आणि पाच दिवस आम्ही हळद लावत बसलो.

इथे आखातात, अल हैलमध्ये, मी एका ऑस्ट्रेलियन मॅडमच्या आईला सांभाळते. आमची खोली त्यांच्याच घरामागे आहे. आजी ऐंशीच्या घरातल्या. तरुणपणी त्या आपल्या देशाच्या सैन्यात नर्स होत्या, व्हिएतनामच्या लढाईत त्यांनी जखमी जवानांची सेवा केली. आता त्यांना लेकीचं नावही आठवत नाही. पण रोज सकाळी मोजे गुंडाळून बँडेजसारखे ओळीने मांडतात आणि मला दटावतात, "नर्स, केस बांध!" हे हसायचे, "तुझ्या म्हातारीची लढाई अजून खलास नाही झाली."

सहाव्या दिवशी दुपारी मॅडम ऑफिसात होत्या. ह्यांना ताप चढला होता, म्हणून आजींना झोपवून मी खोलीवर आले. वळून पाहते तर आजी दारात, अनवाणी, वास घेत उभ्या. सरळ आत आल्या, पायावरचं फडकं उचललं, ह्यांची नाडी धरली. माझ्याकडे पाहिलं ते पूर्ण शुद्धीवरच्या माणसासारखं.

"टुडे," त्या म्हणाल्या. "नॉट टुमॉरो."

"देवी नको म्हणालीय," हे पुटपुटले.

आजींना त्यातलं काय कळणार! त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या. देवी तिसऱ्यांदा सांगते आहे, असंच वाटलं. मी मॅडमना फोन लावला.

पाय गुडघ्याखालून गेला. जीव राहिला. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा मोजे मांडत होत्या, मी पाया पडले तर केसांवरून ओरडल्या. ह्यांची नोकरी गेली, व्हिसा संपला की हे गावी जातील. नुसत्या बोटावर भागलं असतं, हे मला झोपू देत नाही. आम्ही देवीला विचारलंच नव्हतं, आमच्या मनातलं तिच्याकडून वदवून घेतलं होतं. तरी तिने आम्हाला टाकलं नाही, हे आठवलं की रडू येतं. आता मी तिला काही विचारत नाही. देईल ते घ्यायचं, एवढं शिकते आहे.

गेल्या शुक्रवारी ह्यांना सगळं सांगितलं.

"पहिला उजवा पडला होता?"

"हो."

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी मी पट्टी बदलायला बसले, तेव्हा तोंड तसंच भिंतीकडे ठेवून त्यांनी आपला अर्धा पाय माझ्या मांडीवर ठेवला.