कोकिळाच्या नावाने

नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात लागला तेव्हा कोकिळा पुण्याची नोकरी सोडून इकडे आली आणि यावलजवळ मदनलाल शेठजींच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवर संगणक सांभाळू लागली. थंड खोल्यांतलं तापमान, गॅस, पंखे, दारांची कुलपं, सगळं ऑफिसातल्या एका संगणकावरून चालायचं. स्वभावाने ती फार धास्तावलेली. घराला कुलूप लावून बसस्टँडपर्यंत आली तरी परत जाऊन ओढून बघावंसं वाटायचं.

एप्रिलच्या भर दुपारी, ती डबा उघडत असताना, पंखे थांबले. त्यांची घरघर एरवी कुणाला ऐकूही यायची नाही. ती थांबल्यावर कान बधिर झाले. पडद्यावर नोंद होती: पंखे बंद. आदेश देणारी, कोकिळा.

"चुकून हात लागला असेल, ताई," शेठजी म्हणाले.

तिनेही तसंच धरलं.

पुढच्या वेळी मात्र तापमानाचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत चढत गेला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. भिंतीवरचा कॅमेरा दाराकडून हळूच वळला आणि तिच्यावर येऊन थांबला. तिने खुर्ची सरकवली. कॅमेराही सरकला.

इतक्यात चेंबरमधून धपाधप आवाज आला. चेंबरवर काम करणारे, दोंडाईचाकडचे लोटनआबा आत केळीचे क्रेट बघत होते. आतला दिवा गेला होता, कुलूप बसलं होतं.

"बेटी, दार उघड! आठे कोनी तरी शे!" आत आपल्याशिवाय आणखी कुणी आहे, असं ते ओरडत होते.

तिने इंटरनेटची वायर उपटली आणि दार उघडलं. त्या गारठ्यातून बाहेर आलेले आबा घामाने भिजले होते.

"दार कोनी लायं?" त्यांनी विचारलं.

नोंदीत पुन्हा तिचंच नाव होतं. बाथरूममध्ये जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं. आपण काहीतरी करतो आणि विसरतो, असं तर नाही?

मग तिने जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक प्रकाराच्या जरा आधी 'निरीक्षक' नावाचं खातं आत आलेलं दिसलं. व्यापाऱ्यांना घरबसल्या तापमान दिसावं म्हणून केलेलं, सोपा पासवर्ड असलेलं. त्या खात्याला नुसतं बघता येत होतं, बदलता काहीच येत नव्हतं. मग त्याच्या हातात सगळी सत्ता आली कुठून?

शोधता शोधता ती ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एका छोट्या प्रोग्रामपाशी पोहोचली. छपाईसाठीचा, जुना. कुणीही चालवला तरी तो मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालायचा. छापायच्या फाइलीचं नाव अपेक्षेपेक्षा लांब दिलं की तो गडबडायचा आणि ते अधिकार समोरच्याच्या हाती द्यायचा. एकदा ते मिळाले की कुणाच्याही नावाने वावरता येत होतं.

ऑफिसात तशीच सिस्टीम असलेला एक जादा संगणक होता, त्यावर तिने स्वतः करून पाहिलं. 'निरीक्षक' म्हणून आत गेली, लांबलचक नाव दिलं, एंटर दाबलं. पडद्याने काहीही विचारलं नाही. सगळं तिच्या ताब्यात आलं होतं. ते इतकं मुकाट्याने झालं की तिच्या अंगावर काटा आला.

त्या प्रोग्रामचा खास अधिकार तिने लगेच काढून घेतला. दुरुस्तीचं अपडेट कधीचं आलं होतं, पण चेंबरचा प्रोग्राम बसवणाऱ्यांनी ते घालू दिलं नव्हतं. आमचं काम बंद पडेल म्हणाले होते. घातल्यावर ते खरंच बंद पडलं. जादा संगणकावर चेंबरचा प्रोग्राम चालता करायला तिला आठवडा लागला. तोवर लोटनआबा हाताने बटणं दाबून पंखे चालवत होते. शेवटी तिने मुख्य संगणक पार पुसला, सगळं नव्याने बसवलं आणि 'निरीक्षक' खातं बंद केलं.

तरी दुपार झाली की नोंदीत ओळ उमटायची: निरीक्षक, प्रवेश नाकारला. कोणीतरी दाराशी येऊन जात होतं. एके दिवशी ते यायचं थांबलं. कोण होतं, ते कधीच कळलं नाही.

पावसाळ्यानंतर दोंडाईचाच्या एका व्यापाऱ्याने तिला त्याचं चेंबर तपासायला बोलावलं. तोच छपाईचा प्रोग्राम, तशाच नोंदी. फक्त नाव तिथे संगणक सांभाळणाऱ्या किरणचं होतं. माल मुद्दाम नासवला म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. व्यापाऱ्याला सगळं दाखवून तिने किरणला फोन लावला.

"किरणभाऊ, ते तुम्ही केलं नव्हतं."



"नक्की ना, ताई?" तो हळू आवाजात म्हणाला. "कारण मला आता आठवायला लागलंय, मी ते कसं केलं ते."

कोकिळा खुर्चीत बसली आणि त्याला पहिल्यापासून समजावून सांगू लागली.