धोंड्याच्या आधी हललेला घाणा

इंग्रजी अमलातली गोष्ट. अकोल्यात आमच्या तेलघाण्यासमोरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. त्यासाठी नेमलेल्या कमिटीचा माणूस चुन्याची बादली घेऊन आला आणि भिंतीवर रेघ मारून गेला. घाणा उठणार म्हणून सासरी रडारड झाली. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्या गल्लीपलीकडे मी पाऊल टाकलं नव्हतं. नवी जागा गावाबाहेर, मोकळी, वाऱ्याची! जाता जाता तो माणूस म्हणाला होता, "हुकूम मागून येईल. हलवायचा खर्च कमिटी देईल."

घरात अक्षर ओळखणारी मी एकटीच. नवऱ्यानं दुसरीतच शाळेला रामराम ठोकला होता. म्हणून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हलायचा दिवस पाहायला पंचांग माझ्यापुढे टाकलं. पानं चाळता चाळता मी ओरडलेच, "मामाजी, यंदा जेठ धोंड्याचा आहे न!"

धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात नवं काही मांडत नाहीत, घाणा तर नाहीच. हुकमाची वाट पाहत बसलो असतो तर अख्खा महिना बुडाला असता. त्याआधी अक्षय्य तृतीया होती, चार दिवसांवर, आणि त्या दिवसाला मुहूर्त शोधावा लागत नाही. शोध माझा होता आणि मी तो घरभर मिरवला.

तशी धमाल पुन्हा कधी झाली नाही. घाण्याचं लाकडी उखळ कमरेइतकं जमिनीत पुरलेलं असतं. ते उकरायला अर्धी गल्ली लोटली. शेजारणी पदर खोचून माती उपसत होत्या. कोणीतरी डफडं आणलं. बैलाला तर कळेचना की आज सरळ का चालायचं. दहा पावलं झाली की तो वळायचाच, आणि आम्ही हसून हसून बेजार. उखळ वर आलं तेव्हा काय गलका झाला! पण गाडीवर चढवताना एक दोर सुटला, ते आपटलं आणि वरपासून खालपर्यंत चीर गेली. डफडं थांबलं. मामाजी म्हणाले, "जाऊ द्या. खर्च भेटूनच राह्यला न. नवं घडवू." आणि डफडं पुन्हा वाजायला लागलं.

तृतीयेला घाणा मांडला खरा, पण जेवढं तेल भांड्यात उतरायचं तेवढंच चिरीतून मातीत जायचं. नवं उखळ झालं नाही तर घाणा बंद पडणार आणि आम्ही सगळे कापसाच्या जिनात मजुरीला जाणार, हे उघड होतं.

धोंडा लागल्यावर हुकूम आला. मी खर्चाचा अर्ज लिहिला. बोलावणं आलं तेव्हा मामाजी मला सोबत घेऊन गेले. कचेरी मी पहिल्यांदाच पाहत होते. घेरी येईल इतकी हुरळले होते.

साहेबानं अर्ज वाचला. "हुकूम निघण्याआधीच तुम्ही हललात. म्हणजे राजीखुशीनं गेलात. खर्च मिळणार नाही."

"मग भिंतीवर चुना कोणी मारला?" डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून मी बोलून गेले.

"चुना म्हणजे हुकूम नव्हे, बाई."

साहेब वाईट नव्हता. उखळाची हकीकत ऐकून त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "हुकूम मिळाल्यावर हललो, असं लिहून द्या. मी मंजूर करतो. महिन्याभराचाच तर फरक."

मामाजी ताठ झाले. "म्हंजे म्या धोंड्यात घाना मांडला असं लिवून देऊ? नाई साहेब. सूनबाई, खरं हाय तेच लिवजो."

मला त्यांचा असा संताप आला! मी शोधलेला दिवस आमच्याच मुळावर आला होता, आणि हा हट्टी म्हातारा समोर आलेलं ताट लाथाडत होता. त्यांना वाचता येत नव्हतं. मी खोटी तारीख लिहिली, अगदी वळणदार अक्षरात. नवं उखळ मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

मामाजींनी अंगठ्याला शाई लावली. 'वाचून दाखव' म्हणाले नाहीत. "कुठी टेकवू?" एवढंच विचारलं.

मला बोट दाखवता येईना. मी टाक उचलला, ती तारीख खोडली, वर तृतीया लिहिली आणि मग जागा दाखवली. साहेबानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली 'नामंजूर' लिहिलं.

पायऱ्या उतरताना मामाजी खुशीत होते. "लोहाराकून पट्टे मारून घेऊ उखळाले. चालते दोन सालं." रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमची सून शिकेल हाय म्हून वाचलो. नाई तं त्या साहेबानं माह्याकून खोट्यावर अंगठा घेतला असता."

माझ्या कौतुकाची ही एकच गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सांगितली, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.