पगडीचं सुतक

तीळ भाजायला घेतले की कढई आधी बराच वेळ काही बोलत नाही. मग एखादाच तीळ टुणकन उडतो, त्याच्यामागून दुसरा, आणि बघता बघता सगळ्या कढईत कुजबूज सुरू होते. त्या कुजबुजीचा खमंग, किंचित कडसर वास मग घरभर हिंडत राहतो. आज सकाळी नातसुनेनं भाजलेले तीळ निवायला म्हणून कालच्या वर्तमानपत्रावर पसरले. मी शेजारी बसले होते खडे निवडायच्या निमित्ताने. खरं म्हणजे तीळ तोंडात टाकायच्या निमित्ताने. चार चिमटी तीळ पोटात गेल्यावर कागदावर खालून एक चेहरा वर आला. परदेशातला कुणी मोठा पुढारी वारला आहे आणि त्याच्या तसबिरीला आपल्याकडचा एक पुढारी हार घालतो आहे. हार घालणाऱ्याच्या कपाळावर तिळाच्या तेलाचा डाग पडला होता, आणि त्या डागातून मागच्या पानावरची साबणाची जाहिरात दिसत होती.

"आजी, त्या माणसानं किती लोकांचे हाल केले ठाऊक आहे? आणि हे त्याला हार घालतायत!" नातू म्हणाला. शेजारचे प्राध्यापक त्या शोकसभेला जाऊन आले, म्हणून यंदा त्यांच्याकडे तिळगूळ न्यायचा नाही, असं त्यानं बायकोला बजावलं. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी खाली मान घालून खडे निवडत राहिले. आयुष्यात काही गोष्टी दोनदा बघायला लागल्या की फार दमायला होतं, हो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला अतिशय हुशार समजत होते. पूर्णगडाहून लग्न होऊन रत्नागिरीत आले, त्याला तीन वर्षं झाली होती. माहेरी दुसरीपर्यंत शाळा झालेली. बोट ठेवून छापील अक्षर वाचता येई. लिहायचं म्हणजे मात्र सही, आणि तीही अशी की अर्धी लिहून झाल्यावर पुढचं अक्षर कुठल्या बाजूला वळतं ते आठवायला थांबावं लागे. पण जीभ? जिभेला काही शाळा लागत नाही. विहिरीवर माझं एखादं वाक्य पडलं की रहाट थांबायचे, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि ते वाक्य कळशीतून घरोघर जायचं. मला वाटे, आळीत आपल्यासारखी आपणच. आता त्या मुलीकडे बघते तेव्हा तिला जवळ बोलवावंसं वाटतं, आणि बोलावून कान धरावासा वाटतो.

आमच्या परसाला लागून वकिलांचं घर होतं. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा, गुडघ्याएवढा. कोंबडीसुद्धा उडी न मारता ओलांडायची. वकील मोठे. कोर्टात त्यांचा शब्द चालायचा, सभेत त्यांचं भाषण व्हायचं, आणि निवडणुकीला उभे राहिले की आमच्या घरातली सगळी पुरुषमाणसं त्यांच्यासाठी उन्हातून हिंडायची. वकिलीणबाई माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की वकिलीणबाई गडग्यापलीकडे फणसाखाली पुस्तक घेऊन बसत आणि मी अलीकडे सुपात काहीतरी घेऊन. त्या वाचत, मी ऐकत असे. मध्येच त्या पुस्तक माझ्याकडे वळवून म्हणत, "आता तू." मी बोट ठेवून अडखळत वाचायची आणि त्या एकदाही हसायच्या नाहीत. हसण्यासारखं त्यात पुष्कळ होतं, हे मला आता कळतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी त्यांनी मला एक गुपित सांगितलं. रथसप्तमीला त्या मोठं हळदीकुंकू करणार होत्या आणि वाण म्हणून फणी-करंडा न देता प्रत्येकीला एक पाटी आणि एक पेन्सिल देणार होत्या. "बायकांना घराबाहेर पडायला परवानगी लागत नाही ती एका हळदीकुंकवाला," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्या ओटीवर आल्या, हातात पाटी पडली, की दर शुक्रवारी दुपारी या म्हणायचं. वाण दिलेलं परत कोण करणार? आणि पहिली तू यायचंस. तुला लिहितं करायचंय मला." मी 'हो' म्हटलं. मुंबईहून आगबोटीनं पाट्यांची पेटी आली, मांडवी बंदरावरून हमालानं ती डोक्यावरून आणली, आणि ती उघडताना मी गडग्याअलीकडून बघितली. लाकडी चौकटीच्या तीस काळ्या पाट्या, गवतात गुंडाळलेल्या.

वर्तमानपत्रंही त्याच आगबोटीनं यायची. म्हणजे जगात कुणी मोठं माणूस गेलं, तरी रत्नागिरीत ते चार दिवस अजून जिवंत असे. तसाच तो दूरच्या बर्फाळ मुलखातला पुढारी आमच्याकडे उशिराच वारला. त्याचं नाव मला तेव्हा धड म्हणता येत नव्हतं. गावात निम्म्यांच्या मते तो गरिबांचा कैवारी, आणि निम्म्यांच्या मते देवळांना कुलपं ठोकणारा, राजाच्या रक्तात हात धुतलेला. त्याआधी आठवडाभर ह्यातल्या कुणाच्याही तोंडी त्याचं नाव नव्हतं, ती गोष्ट वेगळी. वकिलांनी रविवारी सभा घेतली. पाऊण तास बोलले म्हणे. बोलले त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही, वकील बोलायचेच. पण शेवटी सगळ्यांना उभं केलं, आणि स्वतः भर सभेत डोक्यावरची पगडी उतरवून हातात घेतली. साहेबलोकांत तशी रीत असते असं त्यांनी वाचलं असावं. आमच्याकडे पुरुष उघड्या डोक्यानं चारचौघांत उभा राहतो तो घरचं माणूस गेल्यावरच. झालं! गाव ढवळून निघालं. एका दुकानाच्या फळीवर बसणाऱ्यांनी वकिलांना खांद्यावर घेतलं, दुसऱ्या फळीवरच्यांनी बाटवलं. आमच्या घरात जेवताना पुरुष इतके तावातावानं बोलले की ताकाची वाटी दोनदा सांडली.

सोमवारी सकाळी विहिरीवर बायकांनाही काहीतरी बोलायचं होतं, पण त्या मुलखाबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी रहाट धरून म्हटलं, "अहो, पगडी उतरली म्हणजे घरचंच कुणी गेलं की! आता दहा दिवस सुतक. सुतकातल्या घरचं कुंकू कसं लावून घ्यायचं, सांगा बघू?"

काय हसल्या बायका! एकीची कळशी विहिरीत गेली. मी आपली गंभीर चेहरा करून पाणी ओढते आहे. त्या क्षणी मला पाटी आठवली नाही, शुक्रवार आठवला नाही, फणस आठवला नाही. वाक्य चांगलं जमलं, एवढंच आठवत होतं.

कळशीतून वाक्य घरोघर गेलं. दुपारी ते बाजारात पोचलं. तिथं पुरुषांनी ते उचललं आणि बायकांचं नाव न घेता स्वतःचं केलं. मंगळवारी कुणीतरी न्हाव्याला वकिलांच्या दारी पाठवलं, डोकं करायला बोलावलंय म्हणून. बुधवारी एक भटजी दहाव्याचं सामान विचारायला गेले. त्यांना खरंच वाटलं होतं की थट्टा करायची होती, देव जाणे. मी हे सगळं ऐकून मनातल्या मनात फुगत होते. गुरुवारी मात्र सासूबाई सुपात तांदूळ आसडता आसडता म्हणाल्या, "रथसप्तमीला वकिलांकडे जायचं नाही हो कुणी. सुतक आहे त्यांना."

मी म्हटलं, "अहो सासूबाई, तो तर परका माणूस. थट्टा आहे ती."

"थट्टा कसली मेली? भटजी जाऊन आले. भर सभेत पगडी काढलीन त्यानं. नात्यात काही असल्याशिवाय कुणी काढील? आईकडून असेल कुठलंतरी."

माझा विनोद सासूबाईंपर्यंत पोचेपर्यंत त्याचं शास्त्र झालं होतं. आता तो मोडायचा तर 'हे माझंच डोकं' असं सांगावं लागणार. वडीलधाऱ्या माणसाच्या सुतकाची थट्टा सुनेनं केली, हे सांगायची हिंमत त्या हुशार मुलीत नव्हती. शुक्रवारी वकिलीणबाई गडग्याशी आल्या तेव्हा मी सूप घेऊन आत पळाले.

रथसप्तमीचं ऊन अजून डोळ्यांसमोर आहे. मागच्या पडवीतून गडग्यापलीकडची त्यांची ओटी सरळ दिसायची. सारवलेली, रांगोळी घातलेली, सतरंज्या अंथरलेल्या. परातीत भिजवलेले हरभरे, तबकात तिळगूळ, अत्तरदाणी, गुलाबदाणी, आणि एका बाजूला पाट्यांची चळत. प्रत्येक पाटीच्या चौकटीवर कुंकवाचं बोट. मध्ये वकिलीणबाई, जरीकाठी लुगडं नेसून, दाराकडे तोंड करून. वकील कुठं होते? ते वाचनालयात गेले होते, त्यांच्या भाषणावर वाद चालला होता म्हणून. पगडी त्यांनी उतरवली आणि वाट बघत बसल्या त्या. मी आणि माझ्या दोन जावा खांबाआडून बघत होतो. एक जाऊ मला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुझंच हो हे सगळं!" तिच्या आवाजात कौतुक होतं. त्या कौतुकानं माझे पाय जमिनीला बांधून घातले. नाहीतर, सांगते, तो गडगा ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं.

उन्हं फणसाच्या बुंध्यावर आली तेव्हा एक बाई आली. नेहमीची मासळीवाली. टोपली फाटकाबाहेर ठेवून अंगणात उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "काय गो बाय, कोन नाय इलं?"

वकिलीणबाई म्हणाल्या, "आम्हाला सुतक आहे म्हणतात."

"कोनाचं? तो काय आपल्या बंदरावरचा होता? पगडी त्यांनी काढली ना, तुजं कुकू कुठं गेलंय? लाव माका."

आणि वकिलीणबाईंनी तिला हाताला धरून ओटीवर घेतलं, सतरंजीवर बसवलं, हळदकुंकू लावलं, हरभऱ्यांनी ओटी भरली, अत्तर लावलं आणि पाटी दिली. ती बाई पाटी उलटीपालटी करून बघत खूप हसली. दोघीही हसल्या. त्या हसण्याचा आवाज आमच्या पडवीपर्यंत आला, आणि माझ्या जावा 'अगं बाई, ओटीवर घेतलंन तिला!' म्हणून नवीन बातमी घेऊन आत धावल्या. मी एकटीच खांबापाशी उरले.

त्यानंतर सुतकाचे दहा दिवस संपले, आणि गावाचा त्या पुढाऱ्यावरचा रागही संपला, लोभही संपला. पुढच्या आगबोटीनं दुसरं काहीतरी आलं. वर्ष संपायच्या आत वकिलांनी मुंबईला बिऱ्हाड हलवलं. पुढे म्हणे ते त्या पुढाऱ्याच्या विरोधातही तितकंच सुंदर बोलत. निघायच्या आदल्या दिवशी वकिलीणबाई गडग्याशी आल्या. मला पळायला सूप सापडलं नाही. त्यांनी पदराखालून एक पाटी काढली. चौकटीवरचं कुंकू वाळून तपकिरी झालं होतं.

"ते वाक्य तुझंच ना गं?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं."

जांभ्यावर मुंग्यांची रांग चालली होती, ती मोजली असती तर आकडासुद्धा आज सांगितला असता.

"चांगला होता हो विनोद. लिहून ठेव," त्या म्हणाल्या, पाटी गडग्यावर ठेवली आणि गेल्या. रागाचा एक शब्द नाही. जिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, तिला त्या 'लिहून ठेव' म्हणाल्या, आणि ते येत नाही हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

लिहायला मी शिकले ती थोरली लेक शाळेत जायला लागली तेव्हा, त्याच पाटीवर, तिच्या शेजारी बसून. ती चटचट पुढे गेली, मी आपली मागून. आळीतल्या त्या बाकीच्या बायका कधी शिकल्याच नाहीत. त्यांतल्या कितीजणी पुढे मुंबईच्या गिरणीतून आलेली नवऱ्याची पत्रं घेऊन दारोदार हिंडत. नवऱ्यानं बायकोला काय लिहिलं ते सगळ्या आळीला ठाऊक, आणि उत्तरात तिला काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. माझ्याकडे वाचून घ्यायला आल्या की मी वाचून दाखवी, आणि वाचताना मला तीस पाट्या दिसत. त्यांतली एक मासळीवालीकडे, एक माझ्याकडे. अठ्ठावीस कुठं गेल्या, हे विचारायला तोंड नव्हतं. पुढारी येतात, जातात. त्यांना वाहिलेली फुलंही जातात आणि मारलेले दगडही. कुणाच्या तरी ओटीवर अंथरलेली रिकामी सतरंजी मात्र म्हातारपणी डोळ्यांपुढून हलत नाही.

नातसुनेनं आता लाडू वळले आहेत. मी तिला म्हटलं, डबा माझ्याकडे दे, प्राध्यापकांकडे मी जाते. मला काही कुणी कुंकू लावणार नाही, ते दिवस सरले. पण तिळगूळ द्यायला कुंकू लागत नाही. नातवाला रागवायचं तर माझ्यावर रागवू दे, ऐकायला कमी येण्याचा तेवढा तरी उपयोग. दोन घरांमध्ये आता डोक्याएवढी सिमेंटची भिंत आहे, तेव्हा रस्त्यानं वळसा घालून जावं लागेल, आणि गुडघे माझे असे. गडगा गुडघ्याएवढा होता तेव्हा ओलांडला नाही, त्याची ही फेड म्हणायची.

जाण्याआधी एवढं पुरं करते. वकिलीणबाई, तुम्ही म्हणाला होतात तसं लिहून ठेवलं आहे. उशीर झाला, अक्षरही अजून तुमच्यासारखं वळत नाही. विनोद चांगला होता, हे मला कबूल. पण इतकाही चांगला नव्हता.