कातरणाऱ्याचा अंगठा

दहिवडीकडे मेंढरं कातरताना मेंढीचे पाय धरायचं एवढंच माझं काम होतं, आणि तेही मी घालवलं. कातरणारा माणसांशी बोलायचा नाही. मेंढीला मात्र "हं बाई, हं" म्हणत राहायचा. त्याची कातर बघता बघता माझी बोटंही तशीच उघडझाप करू लागली. पाय सुटले, मेंढी उसळली आणि कातर त्याच्या डाव्या अंगठ्यात घुसली. आता त्या हाताला लोकर धरवत नाही, कुणी कामाला बोलावत नाही.

परवा तो दुसऱ्यांची कातरणी बघत बसला होता. मांडीवर त्याचा उजवा हात रिकामाच कातरत होता. मी एकटक बघत राहिलो.

"आवं, तिकडं तोंड करा," तो म्हणाला. "एक हात ऱ्हायलाय माजा."