तोंडं ईस्टला

आधी चहा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागायचा आणि त्याचं पापही माझ्याच माथी यायचं. आता कसं सांगू, उभ्या फणसवाडीत मी नेमधर्माची बाई म्हणून ओळखली जाते, आणि माझ्या हातून घोटाळा झाला तो वाईनचा.

आमच्या चाळीमागे उंच दगडी भिंतींचं चिमुकलं अंगण आहे. माझे धाकटे दीर मधूभाऊजी यांनी तिथे भिंतीला धरून द्राक्षाचे वेल चढवलेत. रीतसर परवाना काढून ते त्यांची फसफसणारी वाईन करतात. एका वर्षाच्या द्राक्षांत दुसऱ्या वर्षाचा मणीसुद्धा मिसळायचा नाही, त्याला म्हणे व्हिंटेज म्हणतात.

"म्हणजे सोवळंच की," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला बरोबर कळलं." झालं, मला मूठभर मांस चढलं.

त्यांच्या सायलीचा साखरपुडा ठरला. व्याही हॉटेलवाले. "गिरगावात द्राक्षं?" म्हणून ते बैठकीतच हसले होते. भाऊजींच्या ते मनाला लागलं. साखरपुड्याला हीच वाईन त्यांच्यापुढे ठेवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण ऐन वेळी कुलदैवताला आमंत्रण द्यायला त्यांना कोकणात जावं लागलं. बाटल्या तिरक्या लाकडी फळीत उलट्या, डोकं खाली करून खोचलेल्या.

"वहिनी, रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची. ईस्ट तोंडाकडे आलं पाहिजे, बास."

"मीच का पण?"

"सोळा सोमवार न चुकता करणारी वाडीत दुसरी कोण आहे?"

आता तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय होतं? दादर ईस्ट, परळ ईस्ट करण्यात जन्म गेला. ईस्ट म्हणजे पूर्व. शुभकार्याला तोंड पूर्वेलाच हवं. आणि या बिचाऱ्या बाटल्यांची तोंडं तर पाताळाकडे!

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी सगळ्या बाटल्या फळीतून काढल्या आणि धुतलेल्या चादरीवर ओळीने आडव्या निजवल्या. तोंडं ईस्टला. तोंडाशी पांढरट घाण साचली होती, तीही हलवून हलवून घालवली. मग रोज स्तोत्र म्हणत एकेक बाटली जराशी फिरवायची.

आमचे हे म्हणाले, "अगं, मधूला फोन करून विचार तरी."

"त्यांनी माझ्यावर विश्वास टाकलाय," मी म्हटलं.

साखरपुड्याच्या सकाळी भाऊजी परतले आणि बॅगेसकट अंगणात थिजले.

"वहिनी, हे काय?"

"तोंडं ईस्टला केली."

"कुठल्या ईस्टला?"

"ईस्ट एकच असते, भाऊजी."

ते हळूच पायरीवर बसले. "वहिनी, ईस्ट म्हणजे यीस्ट. पावाच्या पिठात घालतात ते. ते तोंडाशी जमतं, झाकण उडवलं की तेवढंच बाहेर जातं आणि वाईन नितळ राहते."

"पांढरट असतं का ते?"

"हो."

"ते मी घालवलं."

"कुठे घालवलंत?"

"आत."

पुढे काय होणार? संध्याकाळी भाऊजींनी बाटली उघडली. अर्धी छताला लागली, थोडी विहीणबाईंच्या पैठणीवर, आणि उरलेली पेल्यात आली ती ताकासारखी. व्याह्यांनी पेला उजेडात धरला. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलले.

व्याह्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"गढूळ आहे," ते म्हणाले, "पण चव... मधुकरराव, ही खरंच इथे झाली? अजून द्या बघू."

भाऊजींचे डोळे भरून आले. माझा जीव भांड्यात पडला. आता गप्प बसावं की नाही? पण जावईबुवांनी कौतुकाने अंगण बघायला मागितलं आणि मी मिरवत दाखवायला गेले. "या इथे होत्या बाटल्या, तोंडं अशी ईस्टला."

त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं. "काकू, हे वेस्ट आहे."

"शक्यच नाही. रोज पूर्वेकडे तोंड करून पूजेला बसते मी, तीच दिशा धरली."

ते मोबाइल घेऊन आमच्या देवघरापाशी गेले, माझ्या पाटाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तिथेही वेस्टच!

शेवटी भाऊजीच म्हणाले, "असू द्या वहिनी. देवांनी इतकी वर्षं चालवून घेतलं. यीस्टला जमलं नाही, एवढंच."