डॉक्टरांच्या तोंडी घातलेलं वाक्य

माझ्या बायकोला नैराश्याचा आजार होता आणि आमच्या घरात त्याला थायरॉईड म्हणायचे. हा शब्द मीच निवडला. थायरॉईडला कोणी नावं ठेवत नाही, अर्ध्या कोथरूडला तो आहे, आणि थकवा, चिडचिड, वजन वाढणं, सगळं त्यात बसतं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "जरा थायरॉईड वर गेलंय." मग समोरचा लगेच स्वतःच्या थायरॉईडबद्दल बोलू लागायचा आणि मी सुटायचो. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीलाही मी हेच सांगितलं होतं. तिचं लग्न व्हायचं होतं. 'मुलीची आई मानसिक आहे' हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकावं लागेल, या भीतीने मी काय काय केलं ते आता लिहितो. आजवर चारचौघांत बोललो नाही. लोक मला मितभाषी म्हणतात आणि ते ऐकून मला बरं वाटायचं, याचीही आता शिसारी येते.

कोथरूडमध्ये मनोविकारतज्ज्ञ नव्हते असं नाही. पण ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी कात्रजला एक डॉक्टरीणबाई शोधल्या. महिन्यातून एकदा आम्ही स्कूटरवर जायचो. दुचाकीवर बसताना इथल्या बायका धुळीसाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. मी तिला बजावलं होतं, दवाखान्यात बसल्यावरही तो सोडायचा नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, चेहरा तर दाखवा. मला तोच बघायचाय." ती माझ्याकडे बघायला लागली. परवानगीसाठी.

प्रश्न तिला विचारलेले असायचे, उत्तरं मी द्यायचो. घरी आल्यावर गोळ्या पाकिटांतून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायचो आणि पाकिटं कात्रीने बारीक कापून टाकायचो, कामाच्या मावशींनी वाचू नयेत म्हणून. गोळीचं नाव मला पाठ होतं. तिला ते कधी कळलंच नाही. ती आपली 'पांढरी' म्हणायची.

त्या पांढरीने तिला गुण आला. एकदम नाही. दीड-दोन महिने काहीच फरक नव्हता, मग एके दिवशी आमटीत मीठ जास्त झालंय यावरून ती माझ्याशी भांडली, आणि मला कळलं की ती परत आली. बंद पडलेली शिकवणी पुन्हा सुरू झाली. चौथी-पाचवीची आठ-दहा मुलं हॉलमध्ये अपूर्णांक शिकायला बसायची. वर्ष चांगलं गेलं.

मग एका शनिवारी कात्रजच्या त्या दवाखान्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. एकटेच होते.

"अरे, तुम्ही इकडे कुठे?"

"आमच्या एका ओळखीच्यांचा नंबर लावायला आलोय," मी म्हणालो. "तुम्ही?"

"पाहुण्यांना सर्पोद्यान दाखवायला आणलं होतं. म्हटलं, जरा सावलीत बसावं."

पाहुणे कुठेच दिसत नव्हते. त्यांच्या हातात चार नंबरचा बिल्ला होता, माझ्या हातात पाचचा. माझी बायको स्कार्फमध्ये माझ्या शेजारी बसलेली. त्यांनी तिला ओळखलं नाही, मीही ओळख करून दिली नाही. आम्ही दोघे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला गळती कुठून लागली असेल यावर बोलत राहिलो. चार नंबर पुकारल्यावर ते उठले आणि सरळ बाहेर निघून गेले. पाच पुकारल्यावर मीही तिला उठवून तेच केलं.

स्कूटरवर ती मागून म्हणाली, "त्यांना बरं नसेल हो. आपल्यामुळे दाखवलं नाही त्यांनी." तिला त्यांची काळजी वाटत होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आता सोसायटीतल्या एकाला संशय आला, पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही.

गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं तरी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत मला बजावलं होतं. तरी दोन दिवसांनी, ती मेथी निवडत बसली असताना, मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तू आता पूर्ण बरी आहेस. गोळ्यांची गरज नाही."

"खरंच असं म्हणाल्या?"

"हो."

त्या दुपारी तिने साजूक तुपातला शिरा केला. मी तो दोनदा मागून घेतला. बाटली मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली, डॉक्टरीणबाईंची फाईल फाडून टाकली.

तीनेक महिने बरे गेले. मग ती पहिल्यासारखी होऊ लागली. मुलं आलेली असताना आतल्या खोलीत जाऊन बसायची. एका मुलीच्या आईने फोन करून विचारलं, "बाई रडत होत्या म्हणे?" आणि आठवड्याभरात शिकवणी रिकामी झाली. आंघोळ चार-चार दिवस नाही. तेलाने चिकटलेले केस आणि घामट गाऊन, या वासाची मला किळस यायची. मी माझी उशी दुसऱ्या खोलीत नेली. कारण सांगितलं, माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते.

आणि वर तिलाच ऐकवायचो, "डॉक्टरांनी सांगितलंय ना तू बरी आहेस? मग आता हे काय? जरा मनावर घे." जे वाक्य डॉक्टर कधी बोलल्याच नव्हत्या, त्याची मी काठी केली होती आणि ती रोज वापरत होतो. ती मान हलवायची. "हो. माझंच चुकतंय," म्हणायची.

त्याच दिवसांत सोसायटीच्या हॉलमध्ये आनंदी कसं राहावं यावर व्याख्यान झालं. ठरवलं सेक्रेटरींनी, आभार मानायला मला सांगितलं. वक्ते म्हणाले, "उदासी हा भरल्या पोटाचा आजार आहे. पूर्वीच्या बायकांना उदास व्हायला वेळ होता का?" हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने सेक्रेटरी हसले. मी उठून म्हणालो की असे परखड विचार आज ऐकायला मिळत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर माझी बायको तीन दिवसांच्या गाऊनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाली चहा-बटाटेवडा होता. सेक्रेटरींनी माझा हात दाबला, "छान बोललात." हात गार आणि ओला होता. माझाही तसाच असणार.

एका सकाळी मी दूध घेऊन आलो तर ती घरात नव्हती. नको नको ते मनात आलं. गच्चीवर जाऊन आलो, तिथून खाली वाकून पाहिलं. तासाभराने ती स्वतःच आली, केस विंचरलेले, हातात पिशवी.

"मागच्या गल्लीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भाजीवाल्यासमोर पाटी आहे ना, तिथे."

"कोणी पाहिलं का?" हे माझं पहिलं वाक्य होतं.

"भाजीवाल्याने पाहिलं. वांगी घेता का म्हणाला. घेतली."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी मलाही बोलावलं. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना आधीची फाईल हवी होती. "कुठल्या गोळीने गुण आला होता, आणि ती का बंद केली, एवढं कळलं तरी पुरे. नाहीतर मी चाचपडत बसणार. त्या डॉक्टरांचा फोन द्या, मी बोलतो."

"फाईल सापडत नाहीये," मी म्हणालो. "आणि त्या बाई पुणं सोडून गेल्या."

मग ते चाचपडत राहिले आणि ते सगळं तिच्या अंगावर निघालं. पहिल्या गोळीने ती उलट्या करायची. ती बदलून दुसरी दिली, त्या गोळीने हात थरथरायला लागले. जुन्या विद्यार्थिनीला वहीवर गणित मांडून द्यायला गेली तर आकडे वेडेवाकडे आले. तिने वही मिटून ठेवली. मी समोर पेपर वाचत होतो. गोळीचं नाव माझ्या जिभेवर होतं. ते उच्चारलं तर डॉक्टर कात्रजला फोन करणार, आणि तिकडून कळणार की पेशंटला बंद करायला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पान उलटलं.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता जोरकस औषध द्यावं लागेल. गुंगी राहील. शिकवणीचा विचार सध्या सोडून द्या."

ती म्हणाली, "द्या, डॉक्टर. तुमचा काही दोष नाही. पहिल्या बाईंनी मला पूर्ण बरं केलं होतं. मलाच ते टिकवता आलं नाही."

डॉक्टर लिहायला वाकले. मी म्हणालो, "थांबा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "बरी झाली असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. ते मी म्हणालो होतो. गोळ्या मी बंद केल्या. फाईल मीच फाडली. त्या बाई अजून तिथेच बसतात." मग मी गोळीचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी सुरू केलेली ओळ खोडली. "किती मिलिग्रॅम?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "फोन नंबर?" तो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यांनी तो लिहून घेतला.

तिने विचारलं, "किती महिने झाले?"

"दहा."

ती हाताच्या थरथरणाऱ्या बोटांकडे बघत होती. "त्यातले सात महिने मी स्वतःला आळशी म्हणतेय," ती म्हणाली. "सकाळी डोळे उघडले की पहिली शिवी स्वतःला. डॉक्टरांनी बरी म्हटलंय, म्हणजे हा आजार नाही, माझा स्वभावच सडका आहे, असं वाटायचं." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही बाहेर बसा. पुढचं मी बोलते."

मी बाहेर बसलो. बंद दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलली. स्वतःच्या आजाराबद्दल तिला एवढं बोलायचं आहे हे मला माहीत नव्हतं.

दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं. हळूहळू जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि हातांची थरथर थांबली. मनाचं म्हणाल तर अजून खालीवर आहे. ती आता एकटीच जाते. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "ती नंतर बघू. आधी मुलीला फोन करा. मला काय झालंय ते मी सांगेन. तुम्ही काय केलंत ते तुम्ही सांगा."

संध्याकाळी फोन लावला. मी सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. माझं संपल्यावर मुलगी म्हणाली, "आईकडे द्या फोन."

मी दिला.